माझ्यासाठी केलेला कायदा

नागरिकशास्त्र शिकवण्यात माझी उभी हयात गेली. निवृत्त झाले, पाठोपाठ हेही गेले, मुलगा पुण्याला. आता या बोळात मला तोंड वाजवायला उरली होती ती दारासमोर खेळणारी पोरं. ऊन कललं की त्यांचा दंगा सुरू आणि माझं ओरडणं सुरू. "मेल्यांनो, म्हातारीला जरा झोपू द्याल की नाही?" झोपतंय कोण? मी तर चहाचा कप घेऊन आधीपासूनच खिडकीत बसलेली असायची.

एकदा लगोरीतलं भांडण माझ्या दारात आलं. एकाचा धाकटा भाऊ बाद होऊनही खेळत होता.

"ह्यो अन्याय हाय की न्हाय, आजी?"

सगळ्यांना पायरीवर बसवलं. कडक भाकरी मोडून शेंगाचटणीबरोबर पुढ्यात ठेवली. "या धाकट्याला काय म्हणता तुम्ही?"

"कच्चा लिंबू."

"का बरं?"

"लहान हाय. लई पळता येत न्हाय त्याला."

"मग सगळ्यांचा नियम त्याला लावला तर तो खेळेल का? ज्याला कमी झेपतं त्याला सांभाळून घेतो, तो चांगला कायदा. तो सगळ्यांनी मिळून करायचा, आणि एकदा केला की एकट्यानं मोडायचा नाही."

वर्गात हा धडा कधी इतका रंगला नव्हता. त्या संध्याकाळी मी स्वतःवर भलतीच खूश होते.

दुसऱ्या दिवशी ऊन कललं तरी बोळात चिटपाखरू नाही. चहा निवून गेला. पुढेही रोज तेच. ऐकू यायची ती पलीकडच्या यंत्रमागांची खडखड. आता ओरडायचं तरी कुणावर? घर खायला उठलं.

शेवटी समोरच्या घरातली पोरगी दळण घेऊन निघालेली दिसली. घरी तेलुगू, बाहेर फर्डं मराठी. सगळ्या टोळीची पुढारी तीच. तिला हटकलं, "काय गं, कुठं उलथलात सगळे?"

"आमी कायदा केला की, आजी. तुमच्या दारासमोर कुणी खेळायचं न्हाय. आता तुमी कच्चा लिंबू. तुमाला झोप पायजे."

तिच्या तोंडावर केवढं समाधान होतं. मला हसू आलं. माझ्यासाठी कायदा केला आणि मलाच विचारलं नाही, असं म्हणणार होते. पण रोज घसा फोडून ओरडणारी मीच, ती बिचारी कशाला विचारतील?

"मोडा तो कायदा. खेळा इथंच."

"एकट्याला मोडता येत न्हाय. तुमीच सांगितलं." मग जरा विचार करून म्हणाली, "सगळ्यांना बोलावते. तुमी कारण सांगा. पटलं तर बदलू."

दळण टाकून तिनं खरंच सगळी गोळा करून आणली. पायरीवर ओळीनं बसली, तो लहानगासुद्धा. मी दारात उभी. वर्ग गप्प करण्यात जन्म गेला माझा, आणि आता गप्प बसलेल्या पोरांपुढे तोंड उघडेना. मला एकटीला करमत नाही, एवढंच सांगायचं होतं. ते मी मुलालाही कधी फोनवर सांगितलेलं नाही.

"तसं काही नाही रे," मी म्हणाले. "तुमच्या आवाजाचा मला त्रास होत नाही, इतकंच."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढारीण उठली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "आमाला वाईट वाटू नये म्हणून म्हणताय तुमी. झोपा की निवांत."

आणि सगळी उठली. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि बोळातून अनवाणी निघून गेली.