आत्याचे पायलट

माझी आत्या माणसाची पारख ओल्या फरशीवर करायची. ती चिकलठाण्याच्या विमानतळावर साफसफाईला होती आणि तिच्या मते, नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून माणूस कसा जातो यात त्याचं सगळं खानदान दिसतं. जो मधोमध बुटाचे ठसे उमटवत जातो, तो मोठा साहेब असला तरी वाया गेलेला. भिंतीच्या कडेकडेनं जातो तो बरा. आणि थांबून "मावशी, जाऊ का?" असं विचारणारा जर पायलट असेल, तर त्याच्या विमानात डोळे मिटून बसावं. "ज्याला माझी फरशी दिसती," ती म्हणायची, "त्याला धावपट्टी दिसणारच."

ती स्वतः कधी विमानात बसली नव्हती. तरी आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत विमानाच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा होता. डोक्यावरून आवाज गेला की ती वर न बघता, हातातली भाकरी थापता थापता सांगायची, "दिल्लीचं. लेट हाय आज. तिकडं धुकं असंल." मे महिन्यातसुद्धा ती धुकंच म्हणायची. कुणी वाद घालत नसे, कारण आमच्यापैकी दुसरं कुणी विमानतळाच्या दाराच्या आत गेलेलंच नव्हतं. माझे वडील एमआयडीसीत लेथ मशीनवर होते. आईचं शिक्षण सातवीपर्यंत. कॉलेजचं तोंड पाहणारी घरातली मी पहिलीच.

मला पायलट व्हायचं होतं. हे मोठ्यानं म्हणायला मला बारावीचं अख्खं वर्ष लागलं. शेवटी एकदा जेवताना, आमटीच्या वाटीत बघत, मी ते म्हणून टाकलं. वडिलांचा घास हातातच राहिला. आईनं आधी दाराकडं पाहिलं, शेजारच्या काकूंनी ऐकलं की काय म्हणून. आत्या त्या दिवशी जेवायला आमच्याकडंच होती. ती ताटावरून अर्धी उठली.

"अगं माय! मग सांगायला इतके दिस लावले व्हय? पायलट काय आभाळातून पडत्यात?" मग क्षणभर थांबून स्वतःच म्हणाली, "पडू नये म्हणा."

आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. वडिलांना उठून तिची पाठ थोपटावी लागली, त्या गडबडीत रागवायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी वडील म्हणाले, "उडायचं तर उड. पण आधी अशी डिग्री घे, की नाय उडाली तरी पोट भरंल." त्यांचं चूक नव्हतं. विमान चालवायला शिकणं आमच्या आवाक्यापासून अजून बरंच लांब होतं. कर्ज, शिष्यवृत्ती, काय ते जमेपर्यंत काहीतरी शिकणं भाग होतं. पण काय? आमच्या घरात विचारणार कुणाला? मला तर सगळ्या डिग्र्यांची नावं सारखीच वाटायची. प्रवेशाचा अर्ज भरायला थोडेच आठवडे उरले होते.

"त्यात काय," आत्या म्हणाली. "पायलटलाच इचारते ना."

कामावर असताना प्रवाशांशी, साहेबांशी गप्पा मारायच्या नाहीत असा तिला नियम होता. पण "फरशी ओली आहे" हा पिवळा बोर्ड कुठं ठेवायचा, याला काही नियम नव्हता. खांद्यावर चार पट्ट्या असलेला पांढरा शर्ट लांबून येताना दिसला की आत्या बरोबर त्याच्या वाटेत बोर्ड मांडायची आणि शांतपणे पोछा फिरवत विचारायची, "साहेब, तुमी काय शिकले?"

संध्याकाळी ती आमच्याकडं येऊन चहाबरोबर बातम्या द्यायची. एक इंजिनियर निघाला. एकानं कॉमर्स केलं होतं. केस पिकलेल्या एका कॅप्टनला वाटलं, ही बाई आपल्यावर शंका घेतेय. तो बिचारा लायसन काढून दाखवायला लागला. "म्हटलं, राहू द्या साहेब, मला कुठं बसायचंय?" आणखी एक जण म्हणाला, मी बारावीनंतर काहीच शिकलो नाही, सरळ विमानच. आत्यानं त्याला धीर दिला होता, "अजून वय गेलं नाय, बाळा." हे सांगताना ती पुन्हा इतकी हसली की बशीतला चहा साडीवर सांडला.

मी मात्र आणखी गोंधळले. प्रत्येकजण वेगळ्या वाटेनं आलेला. यातली माझी वाट कोणती?

तेवढ्यात मला जालना रोडवर एक ऑफिस दिसलं. नव्या इमारतीत, काचेमागं विमानाचं मोठं पांढरं मॉडेल ठेवलेलं. तिथं बी.एस्सी. एव्हिएशन अशी डिग्री होती. डिग्रीच्या नावातच विमान! मी हरखून गेले. वडिलांना आणि आत्याला घेऊन गेले. टाय लावलेल्या माणसानं आम्हाला थंड पाणी दिलं. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा यायचा, त्यामुळं वडील त्या पाण्यानंच निम्मे तयार झाले.

"पायलट झाली तर उत्तमच," तो माणूस म्हणाला. "नाही झाली तरी डिग्री एव्हिएशनचीच. दोन्हीकडून फायदा."

आत्यानं ग्लास खाली ठेवला. "साहेब, एकाच इहिरीवर दोन मोटारी बसवल्या, आन इहीर आटली, तर कोणती मोटार चालंल?"

तो माणूस हसला. त्याला वाटलं ती गंमत करतेय. आत्या उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "पाणी लई गार होतं, भाऊ." आम्ही बाहेर पडलो. मी रिक्षात रडले. आत्या म्हणाली, "रड. पण अर्ज भरू नको."

जुलै अर्धा सरला तरी पाऊस नव्हता. त्याच सुमारास विमानतळावर कृत्रिम पाऊस पाडणारं छोटं विमान आलं. ते ढगात जाऊन फवारणी करायचं, पण त्यासाठी आधी ढग तर हवेत! ते रोज आभाळाकडं बघत उभं राहायचं आणि त्याची माणसंही. त्यांच्यात एक तरुण पायलट मुलगी होती. आत्यानं तिचं नाव ठेवलं "पावसाची बाई". तिच्यासाठी पिवळा बोर्ड लागला नाही, तिला वेळच वेळ होता.

पावसाची बाई म्हणाली होती, "मावशी, उडायचं आमच्या हातात नसतं. ढग नसले की बसायचं. नोकऱ्या नसल्या की बसायचं. माझ्या एका मित्राच्या कानाचं दुखणं निघालं, मेडिकलमध्ये नापास झाला, एका दिवसात सगळं संपलं. पण त्याला गणिताचं वेड होतं. आता गणित शिकवतो, मजेत आहे. भाचीला सांगा, विमान जगात नसतंच, तर तू काय शिकली असतीस? ते शीक."

आत्यानं हे सगळं मला तसंच्या तसं, हातवारे करून सांगितलं. मग माझ्यासमोर मांडी घालून बसली. "विमान ठेव बाजूला. तुला काय आवडतं?"

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी उठले. मग आत जाऊन माळ्यावरून बिस्किटाचा डबा काढून आणला. मागच्या वर्षी आमच्या गल्लीत बोअर घेतला होता. सगळी गल्ली पाण्याची वाट बघत उभी होती आणि मी वर येणाऱ्या भुकटीकडं बघत होते. आधी काळी, मग पिवळसर, मग राखाडी, मधेच एकदा विटकरी. तीनशे फुटांवर नुसता फुफाटा उडायला लागला, तसे लोक शिव्या देत घरी गेले. मी एकटीच थांबले आणि प्रत्येक रंगाची भुकटी पुड्यांत बांधून ठेवली. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

आत्यानं एकेक पुडी उघडून पाहिली. "म्हंजी जायचं आभाळात, आन शिकायचं जमिनीखालचं?"

मी मान खाली घातली. वर पाहिलं तर तिचा चेहरा हसू दाबून लाल झाला होता. "बेस झालं! वरून बी पाणी पाडशील आन खालून बी काढशील!" ती टाळ्या पिटत सुटली. आईही हसली. मग मीही. वडील कामावरून आले तेव्हा आम्ही तिघी डबा मधे ठेवून डोळे पुसत बसलो होतो.

"दगडात कसली नोकरी?" त्यांनी विचारलं.

"दादा, या साली पाणी शोधणाऱ्याला कोण इचारत नाय ते सांग."

अर्जात मी पहिला पर्याय भूशास्त्राचा भरला. पायलटसाठी बारावीचं फिजिक्स आणि गणित लागतं, ते माझ्याकडं होतंच. ती वाट बंद झाली नव्हती.

कॉलेज मला आवडलं. इतकं आवडलं की मला भीती वाटायला लागली. हातोडी घेऊन डोंगर चढताना कितीतरी दिवस विमानाची आठवणसुद्धा यायची नाही. इकडं आत्यानं सगळ्या विमानतळाला सांगून ठेवलं होतं की माझी भाची पायलट होणार. बॅगा तपासणारे, चहावाला, झाडं कापणारा माळी, सगळे तिला विचारायचे, "मावशी, कुठवर आली पायलट?" पायलटच्या मेडिकलचा अर्ज मी मोबाइलवर अर्धा भरला आणि तसाच ठेवला. कानात, डोळ्यात काही निघालं तर? त्याहून वाईट म्हणजे, निघालं आणि मला फारसं दुःखच झालं नाही तर? आत्याला कुठल्या तोंडानं सांगायचं?

मी दुसऱ्या वर्षाला असताना आत्याच्या गुडघ्यांनी दगा दिला. तिनं काम सोडलं आणि ती मुलाकडं, बिडकीनला राहायला गेली. तिकडं नव्या कारखान्यांचे रुंद रस्ते झालेत, पण डोक्यावरून विमान जात नाही असं ती कुरकुरते. मुकुंदवाडीत आता विमान लेट आहे हे सांगणारं कुणी नाही.

गेल्या महिन्यात मी तिला भेटायला गेले. सगळं सांगून टाकायचं ठरवून गेले होते. आम्ही ओट्यावर बसलो. मी अडखळत सुरुवात केली, "आत्या, ते पायलटचं... माझं काही खरं नाही. झाले तर झाले." एवढ्यात शेजारची बाई कुंपणाशी आली.

"व्हय ओ, हीच का तुमची पायलट?"

मी अंग चोरलं. आत्या शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"अजून नाय. सध्या दगडं फोडती."

"आन नाय झाली पायलट, तर?"

"तर दगडं फोडंल." आत्यानं दोन शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले, एक स्वतःच्या तोंडात टाकला. "आपल्याला काय? कसं बी झालं तरी आत्या मीच."

शेजारीण हसली. आत्याही हसली, तिचं ते ठसक्यापर्यंत जाणारं हसू. मी तिची पाठ थोपटली. मला जे सांगायचं होतं, ते तिनंच सांगून टाकलं होतं; मी उरलेल्या शेंगा सोलायला घेतल्या.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. मोबाइल काढला, आणि चार महिने अर्धवट पडून असलेला मेडिकलचा अर्ज पैठण रोड संपायच्या आत भरून पाठवून दिला.