सातवा की आठवा

१९७६च्या जानेवारीत माझ्या धाकट्या बहिणीला वाशीमच्या दवाखान्यात वेळेआधी मुलगी झाली. वजन दीड किलोही भरलं नाही. एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. ती कितव्या महिन्यात झाली, याचं मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत खरं उत्तर मिळालं नाही आणि तेवढ्यात मुलगी हातची जायच्या बेतात आली.

नागपूरच्या एक डॉक्टरबाई त्या आठवड्यात तिथं मुक्कामाला होत्या. कमी वजनाच्या बाळांवर त्यांचं संशोधन चालू होतं. त्यांचं म्हणणं असं, की वजन सारखं असलं तरी लवकर जन्मलेलं बाळ वेगळं आणि पोटातच खुंटलेलं बाळ वेगळं. फार लवकर आलेल्याला चोखून गिळणं जमत नाही. त्याला काढलेलं दूध अगदी थोडं, थेंबाथेंबानं द्यायचं. खुंटलेल्याला चोखता येतं, पण अंगात साठा नसतो. त्याला वरचेवर पाजलं नाही तर रक्तातली साखर उतरते. म्हणून त्यांचा पहिला प्रश्न होता, कितवा महिना?

"सातवा," बहिणीची सासू म्हणाली. बहीण शेजारच्याच खाटेवर होती. ती छताकडे पाहत राहिली.

त्याप्रमाणे थेंब सुरू झाले. बहिणीच्या सासरहून, मेडशीहून आणलेल्या पिंजलेल्या कापसात मुलगी गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रडायची थांबली. हात थरथरत होते, अंग सैल पडलं होतं. डॉक्टरबाईंनी साखरेचं पाणी दिलं, तेव्हा तिनं डोळे उघडले. बाईंनी तिचा कान दुमडून सोडला. तो लगेच सरळ झाला; फार लवकर आलेल्या बाळाचा दुमडलेलाच राहतो. तळपायावरच्या रेघा पाहिल्या.

"हे सातव्यातलं बाळ नाही," त्या म्हणाल्या. "घरात नीट विचारा."

विचारायचं काम माझ्याकडे आलं. मी अकोल्याच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. एक गोष्ट दोघांकडून पक्की करून घ्यायची, ही तिथली शिस्त. इथं मी तिघांना विचारलं. जावई म्हणाले, "माय सातवा म्हनते, त सातवाच." बहीण म्हणाली, "दादा, तू बाहेर जाय ना." सासरे शाळेत मास्तर होते. विहारात दर पौर्णिमेला ते अंधश्रद्धेवर बोलत; बावीस प्रतिज्ञा त्यांना न अडखळता पाठ होत्या.

"गुरुजी, तुम्ही तरी खरं सांगा."

"सातवा," गुरुजी म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मी वैतागून सासूबाईंकडे वळलो. "मावशी, पोरगी मरून राहिली तिकडं. बाई म्हणतात, कानावरून कळतं."

"कानाले काय समजते महिना? बारशाले बोलावलं होतं काय त्याले?"

दारात डॉक्टरबाई उभ्या होत्या. "आजी, कानालाच समजतं. तुम्ही सांगत नाही, म्हणून कानाला विचारावं लागलं."

सासूबाई एकदम उसळल्या. "आठवा म्हनलं असतं त तुमी हात लावला असता काय? सातवं जगते, आठवं जगत नाई, हे साऱ्या गावाले माहीत हाय. माह्या आठव्यातल्या पोराले दाईनं कापसात ठेवलं अन् उठून गेली. म्हने, आता कायले मेहनत करता. लय वेळ रडत होतं ते."

गुरुजींनी चष्मा घातला.

"इथं कोणी उठून जात नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आठव्यातलं सातव्यापेक्षा जास्त जगतं. पण कसं पाजायचं ते मला कळलं पाहिजे. शेवटची पाळी कधी आली होती?"

मला आणि गुरुजींना बाहेर काढण्यात आलं. बाकावर बसल्यावर गुरुजी म्हणाले, "मी मानत नाही हे काही."

"मग सांगितलं का नाही?"

"तिच्यासमोर कसं सांगू?"

 

थोड्या वेळानं डॉक्टरबाई बाहेर आल्या. बुद्धपौर्णिमेच्या आठवड्यात पाळी येऊन गेली होती, म्हणजे आठवा महिना सरत आला होता. मुलगी पोटात खुंटली होती आणि तिला चोखता येत होतं. सातवा समजून आम्ही तिला उपाशी ठेवलं होतं. त्यांनी तिला बहिणीच्या अंगावर लावलं. तिनं आधी तोंड फिरवलं, मग धरलं. त्या दिवसापासून तिला वरचेवर पाजायला सुरुवात झाली. पाजायची वेळ झाली की बहिणीला हलवून उठवायचं काम सासूबाईंनी घेतलं आणि दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही.

फेब्रुवारीत मुलगी घरी जायला निघाली, तेव्हा वजन दोन किलोच्या वर होतं. मी त्यांना एसटीत बसवायला गेलो. सासूबाईंनी नात पदराखाली घेतली होती. पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून विचारलं, "लहानच दिसते. कितव्या महिन्यातली व?"

"सातव्या," सासूबाई म्हणाल्या. गाडी मेडशीकडे निघाली.