दिगूची बाजू

दिगू गेल्याची बातमी मला दिगूच्याच फोनवरून कळली. सकाळचे साडेसात वाजले असतील. सिंगापुरात, सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी चहा गाळत होतो आणि ओट्यावरच्या फोनवर त्याचं नाव उजळलं. तब्बल अकरा महिन्यांनी! लाज वाटते, पण खरं तेच सांगतो. मनात पहिला विचार आला तो असा की, आला ना शेवटी लेकाचा वठणीवर! मी मुद्दामच फोन उचलला नाही. वाजू दे, म्हटलं. चहा गाळून झाला, गाळणं धुतलं, हात पुसले, आणि अगदी बंद पडायच्या बेतात आल्यावर शक्य तितक्या कोरड्या आवाजात "बोल" म्हणालो. पलीकडे मीनावहिनी होत्या. "भावजी, हे गेले हो..." एवढंच त्यांना बोलता आलं. पहाटे फिरून आला, बूट काढायला खुर्चीत बसला आणि बसलेलाच राहिला. आज सहा आठवडे झाले. ते गाळणं मी धूत होतो तेव्हा ती बाई एकटी फोन कानाला लावून उभी होती, हे काही केल्या मनातून जात नाही.

दिगंबर सोलापूरचा, मी पुण्याचा. ओळख झाली ती हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत. मी मालाच्या कागदपत्रांच्या विभागात आणि तो कॉम्प्युटरच्या. नवीन लागलो त्या आठवड्यात माझं मशीन बंद पडलं, म्हणून मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवत त्याच्या टेबलापाशी गेलो, तर साहेब फोनवर कुणाला तरी अस्सल सोलापुरी मराठीत झापत होते. मला पाहून म्हणाला, "काय बघायलाय? मशीन बंद पडलं, होय?" झालं, जमली आमची. दोघंही एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर आलेले, पुढे दोघंही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी झालो. त्याचा रोहन आणि माझी सई एकाच शाळेत, एकाच बसने जाणारी. पुढे शिकायला दोघं अमेरिकेत गेली आणि तिकडचीच झाली. रोहन टेक्सासला, सई कॅलिफोर्नियाला. तिथून अमेरिका आमच्या घरात शिरली ती शिरलीच.

आता गंमत बघा. दिगूचे वडील गिरणीतले युनियनवाले, घरात लाल बावटा. हा लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मोर्चांना गेलेला. आमचं घर पक्कं उजव्या वळणाचं. रोहनने तिकडे स्वतःचं दुकान काढलं, सरकारने आमच्या कामात नाक खुपसू नये असं तो म्हणायला लागला, आणि त्याच्या पाठोपाठ दिगू उजवा झाला. सई पहिल्यापासून मोर्चेवाली, तिच्या पाठोपाठ मी डावा झालो. आमची मतं म्हणजे पोरांच्या मागून बोटीने पाठवलेलं सामान होतं. पण हे कळायला अक्कल लागते, आणि ती तेव्हा दोघांकडेही नव्हती.

अमेरिकेत निवडणुकीची मतमोजणी सुरू होते तेव्हा इथे सकाळ असते. त्या दिवशी दिगूच्या घरी जायचं, वहिनींच्या हातचे पोहे खायचे आणि टीव्हीपुढे ठाण मांडायचं, असा आमचा शिरस्ताच पडला होता. सेरंगूनहून मेट्रोची सर्कल लाइन, बोटॅनिक गार्डन्सला बदलून डाउनटाउन लाइन, मग बुकित पंजांगला एलआरटी या छोट्या गाडीचे तीन थांबे. एवढं सगळं करून मी साडेआठला हजर! पहिल्या वेळी तर बहारच झाली. टीव्हीवरच्या नकाशात एकेक राज्य लाल नाहीतर निळं होत होतं. आता लाल म्हणजे डावे, हे आम्हा दोघांच्या हाडीमासी मुरलेलं. त्यामुळे लाल वाढलं की मी टाळ्या पिटत होतो आणि दिगू कपाळाला हात लावून "गेलं रे, सगळं गेलं" म्हणत होता. दोन तास हेच चाललं! शेवटी सईचा फोन आला, तिच्या सिंगापुरी "लाह"सकट. "बाबा, हसताय काय? आपण हरतोय, लाह!" तिकडे लाल म्हणजे उजवे, हे तेव्हा कळलं. दिगू सोफ्यावरून खाली घसरला इतका हसला. "म्हणजे इतका वेळ मी जिंकलेलो, नंद्या! आणि रडलो की रे फुकटचा!" मीही हसलो, हरलो असूनही. वहिनींनी पोहे पुन्हा गरम केले.

ते दिवस कुठे गेले, कधी गेले, मला खरंच सांगता येत नाही. शनिवारी सकाळी आम्ही हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायला भेटायचो. आधी गप्पा व्हायच्या गुडघ्यांच्या, जावयाच्या, भारतातल्या भाच्यांच्या. हळूहळू दोघंही येताना फोनमध्ये काहीतरी घेऊन यायला लागलो. "हे बघ तुझे लोक काय करतात" म्हणून तो मला दाखवणार, मग मी त्याला दाखवणार. त्याच्या फोनवर जे यायचं ते माझ्या फोनवर कधी यायचं नाही, आणि मला वाटायचं, हा माणूस रोज सकाळी उठून थापा गोळा करतो की काय! त्यालाही माझ्याबद्दल अगदी तेच वाटत असणार. एके शनिवारी तो मला "तुम्ही लोक" म्हणाला. तीस वर्षांचा "नंद्या" मी, आणि एकदम "तुम्ही लोक"! मी कोपी तशीच टाकून उठायला हवं होतं, किंवा गळ्यात हात टाकून "कुठले लोक रे?" असं तरी विचारायला हवं होतं. मी काय केलं? मीही त्याला "तुम्ही लोक" म्हणालो.

आणि मग ती शेवटची मतमोजणी. कोण जिंकलं ते इथे लिहीत नाही, वाचकांतही दोन बाजू असतील. त्या दिवशी मला निघायला उशीर झाला होता, निकालाचा रोख कळून सई फोनवर रडली होती आणि मी डोकं तापलेल्या अवस्थेतच त्याच्या घरी पोचून ते सांगितलं. पोहे पुढ्यात आले. दिगू म्हणाला, "एवढा त्रास होतो तर पोरीला म्हणावं, परत ये सिंगापूरला. कुणी धरून ठेवलंय?" खरं तर एवढंच बोलला होता तो. मी घास गिळला आणि म्हणालो, "तुझा रोहन त्यांच्या पक्षाच्या किती का टोप्या घालेना, उद्या त्याचा रंग बघून हेच लोक त्याला हाकलतील, तेव्हा बघू." वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला दिसलं. लेकरासाठी कुणी असं बोललेलं आई कसं ऐकेल? दिगू उठला, माझ्या पुढ्यातली अर्धी भरलेली बशी उचलली, आत गेला आणि सिंकमध्ये ठेवली.

खाणाऱ्या माणसाच्या पुढ्यातून बशी उचलणं म्हणजे काय, हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. दारात उभ्या असलेल्या शत्रूशीही आपण असं वागत नाही. मी हात न धुताच चपला घातल्या. एलआरटीत बसलो तेव्हा बोटांना पोह्यांची हळद तशीच होती. घरी येऊन सुधाला, म्हणजे माझ्या बायकोला, ताडताड सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ते जिंकलेले नि हरलेले, दोघांपैकी एकाला तरी तुमची नावं माहीत आहेत का? मत तरी आहे का तुम्हाला तिकडे?" मी म्हटलं, "प्रश्न मताचा नाही, बशीचा आहे." मनाशी ठरवून टाकलं, बशी त्याने उचलली, फोनही त्यानेच करायचा. आधी मी काय बोललो होतो, ते सोयीस्करपणे विसरलो.

अकरा महिने! मधे एकदा तो मला दिसला होता. आमच्याच सेरंगूनला, मॉलच्या दाराशी, हातात कसलीशी पिशवी. मी सरकत्या जिन्यावरून उतरत होतो. चटकन एका खांबाआड झालो, चोरासारखा. तो बराच वेळ तिथेच उभा होता, दोनदा फोन काढला, दोनदा खिशात ठेवला आणि मग मेट्रो स्टेशनच्या दिशेने परत गेला. मी स्वतःला समजावलं की आला असेल काही कामाला. बुकित पंजांगच्या माणसाचं सेरंगूनला काय काम असणार हो? सगळा बाजार भरलाय त्याच्या दाराशी. तो माझ्याकडे आला होता, आणि मी वीस पावलांवर खांबाआड उभा होतो.

मंडाईला, स्मशानात, रोहन आणि सई शेजारीशेजारी उभी होती. सई रात्रीच्या विमानाने आली होती. विधी चालू असताना तिने रोहनच्या पाठीवरचा हात काढला नाही. बाहेर आल्यावर मी तिला हळूच विचारलं, "तुमचं बोलणं होतं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाबा, दर आठवड्याला. वुई जस्ट डोन्ट टॉक पॉलिटिक्स, लाह. तुम्ही दोघं का भांडत होता, आम्हाला कधी कळलंच नाही." ज्यांच्यासाठी आम्ही लढलो, त्यांचं युद्ध कधी लागलंच नव्हतं!

रोहन परत गेल्यानंतर, गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "भावजी, टीव्हीचं काहीतरी करून द्या. सुरू केला की ती एक बाई आपोआप लागते. काढता येते का बघा." बशीच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच मी त्या घरात पाऊल टाकलं. टीव्ही लावला आणि जागीच थबकलो. पडद्यावर अमेरिकेतली एक निवेदिका होती, पक्की आमच्या बाजूची. मी तिचा भक्त, आणि दिगू तिला "नंद्याची मावशी" म्हणायचा. तिचा आवाज कानावर पडला तरी उठून जायचा. खाली बघतो तर तिचेच कार्यक्रम, एकाखाली एक, सगळे शेवटपर्यंत पाहिलेले.

"ही इथे कशी?" मी विचारलं.

"रोज सकाळी साडेआठला लावायचे," वहिनी म्हणाल्या. "तुमचं बोलणं बंद झालं ना, तेव्हापासून. म्हणायचे, नंद्या आज काय बोलला असता ते कळायला नको का? मग बसायचे तिच्याशी भांडत. मी म्हणायचे, अहो, टीव्हीशी कसले भांडता, भावजींना फोन लावा. तर म्हणायचे, खाणाऱ्या माणसापुढची बशी उचलली मी... कुठल्या तोंडाने लावू?"

मी तिथेच बसलो. मी त्याची माफी ऐकायला टपलेला, आणि तो इथे बसून माझी बाजू ऐकत होता! रिमोट हातात होता, काढून टाकायला एक बटण पुरलं असतं. मावशी बोलत होत्या आणि मला त्यांचं सगळं पटत होतं, नेहमीसारखंच. पण खोलीत कुणीच कुरकुरत नव्हतं, कुणी मांडीवर थाप मारून "हॅट्!" म्हणत नव्हतं, आणि ती शांतता मला सहन होईना. न राहवून मीच ओरडलो, "वा बाई! आणि दुकान चालवणाऱ्याने काय करायचं, ते कोण सांगणार?" हा दिगूचा मुद्दा. त्याचे सगळे मुद्दे मला पाठ होते.

वहिनींनी मान हलवली. "असं नाही, भावजी. तुम्ही मधेच तोडलंत तिला. हे आधी तिचं बोलणं पुरं होऊ द्यायचे, मग भांडायचे."

"दिगू? माझं तर एक वाक्य त्याने कधी पुरं होऊ दिलं नाही!"

"तेच म्हणायचे ना. नंद्याला कधी धड बोलू दिलं नाही मी, हिला तरी देतो."

मनात म्हटलं, दिगू, लेका, मीही तुला कुठे बोलू दिलं रे... आज हवं तेवढं बोल, मी हूं की चूं करणार नाही. वहिनी माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. मी टीव्हीवरच्या बाईचं म्हणणं पूर्ण होऊ दिलं, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. मग मांडीवर थाप मारली आणि दिगूच्या बाजूने जीव तोडून भांडलो.

"हं," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "आता बरोबर."

निघताना मी टीव्हीला हात लावला नाही. वहिनींना म्हटलं, ती बाई राहू दे, उद्या साडेआठला येतो.