सुपर फॉस्फेटच्या गोणीतली आम्लवर्षा

विज्ञानात व्यक्तीला महत्त्व नसतं, सत्याला असतं. नागपूरच्या परिषदेला मात्र आमच्या रसायनशास्त्र विभागातून एकच व्यक्ती जाणार होती, आणि ती मीच असावी असं मला वाटत होतं.

विषय आम्लवर्षेचा. गाड्यांच्या धुरातलं आम्ल पावसाबरोबर मातीत उतरतं का, हे मी दोन वर्षं तपासत होतो. हमरस्त्याकाठची माती आणि जानेफळकडच्या आतल्या शेतांतली माती, दोन्हींचा सामू, म्हणजे पीएच, मोजला, तुलना केली. फरक निघाला नाही. आमच्या काळ्या मातीत चुनखडीच इतकी, की थोडंफार आम्ल ती मुकाट जिरवते.

शेजारच्या टेबलावरच्या मित्राने तेच काम एका हंगामात उरकलं आणि त्याला फरक सापडलासुद्धा. रस्त्याकाठची माती आंबट! संख्याशास्त्राच्या चाचणीतही फरक ठसठशीत उतरला. प्राचार्यांनी त्याचा आलेख मोठा छापून विभागाच्या दारावर लावला. आत जायला दुसरं दार नव्हतं.

"काऊन बे, तोंड पाडून काऊन बसला?" मित्राने विचारलं.

"माती कशात आणली होती तू?"

"आतली कापडी पिशव्यांत. त्या संपल्या, मंग रस्त्याची आणली सुपर फॉस्फेटच्या गोण्यांत. धुतल्या होत्या ना बे मस्त."

सुपर फॉस्फेट हे खत मुळातच आंबट. त्या दुपारी मला डब्यातलं कारलंही गोड लागलं. जेवण झाल्यावर, निव्वळ विज्ञानाच्या हितासाठी, मी प्राचार्यांकडे गेलो.

माती पुन्हा आणली गेली, या वेळी सगळी कापडी पिशव्यांत. फरक नाहीसा झाला. मी माझा शोधनिबंध पुढे सरकवला.

"काही सापडलं नाही, हे सांगायले नागपूरले कोणाले पाठवू सर?" प्राचार्य म्हणाले.

मित्राने तेच आकडे घेऊन नवं शीर्षक दिलं: 'आम्लवर्षेला पुरून उरणारी काळी माती'. प्राचार्य उठून उभे राहिले. मित्र नागपूरला गेला.

परिषदेच्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. मागे टाळ्या वाजत होत्या. तो मात्र कुजबुजत होता.

"अबे, एक म्हातारा विचारून राह्यला, आपल्या इकडच्या पावसाचा सामू किती हाय? सांग लवकर."

पाऊस आम्ही दोघांनीही मोजला नव्हता.