मिठाच्या पाण्यातलं लाल भात

बी.एस्सी. होऊन मी गावी आले, त्या मे महिन्यात आमच्याकडे लाल भाताच्या बियाण्याची एकच मुडी उरली होती. पेंढ्यात गच्च बांधलेली, माळ्याला टांगलेली. हे भात गावात दुसऱ्या कोणाकडे राहिलं नव्हतं. आमचं रुजलं नसतं तर वाणच संपला असता.

मी सुचवलं की पेरण्याआधी बियाणं मिठाच्या पाण्यात निवडूया. पोचट दाणे तरंगतील, भरलेले तळाशी बसतील. घरातली पहिली पदवीधर सांगते आहे म्हटल्यावर वडिलांनी लगेच मोठा टोप आणून दिला.

मीठ मी भात मोजायच्या शेराने घेतलं. आमच्या शेरात अर्धा किलो भात मावतं, मिठालाही तोच अंदाज धरला. ढवळून बियाणं ओतलं, तर जवळजवळ सगळं वर आलं. मी ते झाऱ्याने काढून कोंबड्यांसाठी सुपात टाकू लागले.

"यंदा कोंबड्यांका बरे दिस इले," वडील म्हणाले. चेहरा मात्र उतरला होता.

आईने सुपातला एक दाणा दातांनी फोडला. आत अख्खा तांदूळ होता. तिने माझा हात धरला.

"भात हलका नाय गो बाय. तुझा पाणी जड झाला."

आई चौथी शिकलेली, माहेर कुणकेश्वराकडचं. लहानपणी समुद्रात ती नुसती उताणी पडून राहायची, विहिरीत मात्र हातपाय मारावे लागायचे, हे तिने तिथेच सांगितलं. तेव्हा मला चूक कळली. त्याच शेरात मीठ भाताच्या साधारण दुप्पट वजनाचं बसतं. घनतेचे पेपर सोडवून आलेली मी मापालाच वजन समजले होते.

मी विहिरीचं पाणी थोडं थोडं घालत गेले आणि सुपातलं भात परत टोपात सोडलं. दाणे खाली बसू लागले. वर राहिलेले आईने फोडून पाहिले, ते खरोखरच पोकळ निघाले. तळाचं भात आम्ही गोड्या पाण्याने तीनदा धुतलं.

पेरल्यावर तरवा, म्हणजे लावणीची रोपं, दाट आला. आता मी सावंतवाडीत विज्ञान शिकवते. घनतेचा धडा आला की वर्गात शेर, मीठ आणि भात नेते, आईचं वाक्य सांगते आणि मगच फळ्यावर सूत्र लिहिते.

त्या वर्षी कापणीनंतर आम्ही दोन मुड्या बांधल्या. एक माळ्याला टांगली. दुसरी शेजारच्या काकूंनी पेरायला मागून नेली.