गोपुरावरची तार

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, आणि अक्कापाशी तर नाहीच. तुम्हांला सांगतोय — का, ते विचारू नका, मलाही नीट ठाऊक नाही.

पन्नास सालानंतरची गोष्ट. कुंभकोणमला मी रेडिओ खात्यात हंगामी कारकून होतो. मद्रासहून एक साहेब आले. संध्याकाळी दूरचं केंद्र खेड्यापाड्यांत कसं ऐकू येतं, ते गावोगावच्या पंचायतीच्या रेडिओवर ऐकून पाहायचं, हे त्यांचं काम. वाट दाखवायची, हे माझं. हिशेब त्यांनी मला जीपमध्येच समजावला होता. पैसा प्रक्षेपणाच्या एकाच नव्या मनोऱ्यापुरता होता. जिथं खरखर जास्त, तिथं तो उभा राहणार. ज्याला आधीच ऐकू येतं, त्याच्यासाठी सरकार पुन्हा खर्च कशाला करील?

शेवटचं गाव तिरुनीलक्कुडी. तिथं माझी अक्का दिलेली. भावोजींचं डावं अंग लुळं पडलेलं — हा माणूस एके काळी मरुदानल्लूरच्या मठातल्या भजनात पहाटेपर्यंत उभा राहून गायचा. आता त्यांचं गाणं म्हणजे घरापुढच्या ओट्यावरचा पंचायतीचा रेडिओ, आणि त्यातून रोज निघणारी खरखर. मनोऱ्याची — त्यांच्या बोलीत खांबाची — आस गावात सर्वांत जास्त कुणाला होती, तर त्यांनाच.

पण जाऊन पाहतो तर काय? रेडिओ खणखणीत गात होता. मी वर पाहिलं. अंगणातल्या बांबूवरची रेडिओची एरियलची तार काढून, नारळीच्या झावळ्यांतून नेऊन, थेट देवळाच्या गोपुराला बांधली होती. भावोजी हळूच म्हणाले, "पाहुणा येत्यो, आन् त्यास खरखर ऐकवावी? खूश होऊन गेला तरच खांब देईल की." कॉफीचा चांदीचा पेलाही शेजारून मागून आणलेला. देवळाच्या पुजाऱ्यांनी तार एका संध्याकाळपुरतीच बांधू दिली होती.

खरखर असेल तिथंच मनोरा मिळणार, हे त्यांना आधी सांगणं माझ्या हातात होतं. का नाही सांगितलं? सुचलंच नाही — हे मात्र खरं.

साहेबांनी मला विचारलं, "रोज असंच येतं?"

तार दाखवायची, एवढंच होतं. पण भरल्या ओट्यासमोर भावोजींना खोटं पाडायचं? — असं मी स्वतःला कितीदा सांगितलं. खरं ते वेगळं. साहेब सकाळीच म्हणाले होते, हे गाव उरकलं की तुझ्या कायम नोकरीसाठी शब्द टाकतो. आता काही खुसपट काढलं, आणि ते चिडले तर? मी भ्यालो.

"रोज असंच," मी म्हणालो.

मनोरा दुसरीकडे गेला. मी कायम झालो.

पुढे दर खेपेला अक्का विचारायची, "आमचा खांब केव्हा येतो रे?" सरकारकडे पैसा नाही, मी सांगायचो. ती मान डोलवायची. भावोजी कधीच विचारायचे नाहीत. रेडिओला कान लावून बसायचे. खरखरीत गाणं बुडायचं, जरासं वर यायचं, पुन्हा बुडायचं — आणि त्यांचा चांगला हात मांडीवर ताल धरून चालूच असायचा.

एकदा ते मला म्हणाले, "त्या दिवशी किती स्पष्ट आलं होतं, नाही?"

"हो," मी म्हणालो.