पायलटची तयारी

ज्या माणसाने टोलनाक्यापलीकडे कधी गाडी नेली नाही, त्याला मित्र 'पायलट' म्हणत, आणि त्याला ती थट्टा आहे हे कळतसुद्धा नसे. तो खुशाल ते नाव मिरवत असे. पायलट एका विमा कार्यालयात मोटारींच्या अपघाताचे दावे तपासायचा. लोकांच्या चेपलेल्या दारांचे आणि फुटलेल्या दिव्यांचे फोटो बघून बघून त्याचं एक मत पक्कं झालं होतं, की जगात जे काही मोडतं ते तयारी कमी पडली म्हणून मोडतं. त्यामुळे स्वतःची मोटरसायकल घरी आली त्या दिवसापासून तो तयारीला लागला होता.

गाडी चांगली होती, यात वाद नाही. हवी तेव्हा भन्नाट पळेल आणि दोघांना लांबच्या प्रवासाला आरामात नेईल, अशी तिची जातकुळी. 'दोघांना' हा शब्द महत्त्वाचा, कारण पायलटच्या बायकोने गाडीला होकार दिला तो त्या एका शब्दावर. तिची मावशी घाटापलीकडे राहायची. आईविना पोरीला याच मावशीने लहानाची मोठी केली होती. मावशी नर्स होती आणि भाचीला स्कूटरवर पुढे उभी करून घाटातल्या वस्त्यावस्त्यांवर जायची. गाडी घेतल्याचं कळल्यावर मावशी फोनवर म्हणाली होती, "एकदा घाटातून गाडीवर बसून ये. मी फाटकात उभी राहून बघते." पायलटने बायकोच्या हातून फोन घेऊन मावशीला शब्द दिला होता, की पहिली लांबची फेरी तुमच्याकडेच.

शब्द देऊन झाल्यावर तो पुढच्या काचेच्या मागे लागला.

कंपनीची काच त्याच्या उंचीच्या माणसाला बुटकी पडते, वारा नेमका हेल्मेटवर आदळतो, असं त्याने इंटरनेटवर वाचलं. वारा आदळण्याइतक्या वेगाने तो कुठे गेला होता, हे विचारायची सोय नव्हती. उंच काच आली. उंच काचेमागे ताठ बसायला हवं, म्हणून हँडल वर उचलणारे ठोकळे आले. हँडल वर गेल्यावर ब्रेकची नळी तोकडी पडली, म्हणून लांब नळी आली. मग सायलेन्सर जड वाटू लागला. मग गाडी पडली तर टाकीला पोचा येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना गार्ड आले. एक पार्ट आला की तो आपल्या दोन नातेवाइकांना बोलावून घ्यायचा, आणि पायलट सगळ्यांचं आदरातिथ्य करायचा. सख्ख्या बायकोने दोनदा सांगितलेली गोष्ट न ऐकणारा हा माणूस, इंटरनेटवरच्या कुठल्या कोण्या अनोळखी टोपणनावाच्या इसमाने 'या पट्ट्या गंजतात' असं लिहिलं की दिवसभर जेवणावर लक्ष न देता बसून राहायचा.

सुट्टीच्या दिवशी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये मापं चालायची. पायलट खांबाला टेकवलेल्या गाडीवर बसायचा, हात पुढे धरायचा, आणि बायको टेप घेऊन त्याच्याभोवती फिरायची. टेप तिचीच. ती तयार कपड्यांच्या एका दुकानात, गिऱ्हाइकाला ढगळ किंवा घट्ट झालेले कपडे बेतून द्यायचं काम करायची. दिवसभर लोकांच्या कमरा आणि बाह्या मापून आल्यावर ती नवऱ्याचं कोपरापासून हँडलपर्यंतचं, कमरेपासून पावलापर्यंतचं माप घ्यायची. गुडघा किती वाकतो तेही मापून झालं होतं.

"आपण जायचं कधी?" ती मधूनच विचारायची.

"एकदा सीटचं झालं की," पायलट म्हणायचा. त्याआधी तो 'एकदा काचेचं झालं की' म्हणायचा.

त्याचं एक मंडळही होतं. सगळे असलेच. भर उन्हाळ्यात जाडजूड जॅकेट घालून कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत गाड्या न्यायच्या, ओळीने लावायच्या आणि एकमेकांच्या गाड्यांपुढे उकिडवं बसून 'हे कुठून मागवलंस' म्हणायचं, हा त्यांचा प्रवास. रस्त्याचं त्यांना काडीचं वेड नव्हतं. वेड होतं ते नटबोल्टचं, पण तसं कबूल करण्याइतका प्रामाणिकपणा एकाच्याही अंगी नव्हता. मंडळात पायलटचा शब्द शेवटचा मानत, कारण सगळ्यात जास्त पार्ट त्याच्या गाडीला होते.

एकदा मावशीचा फोन आला. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. तिच्या मुलाने घर रिकामं करायला काढलं होतं, महिनाअखेरीला तो तिला आपल्या शहरात नेणार होता. तिथे चौथा मजला, फाटक नाही की अंगण नाही. त्याआधी येऊन जा, एवढंच ती म्हणाली. ज्या घरात आपण वाढलो ते घर आता मोडणार, आणि ते उभं आहे तोवर घाटातून गाडीवर बसून तिच्यासमोर जायचं, हे एवढंच बायकोच्या मनात राहिलं. त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदाच नवऱ्याला विचारलं नाही, सांगितलं. येत्या शनिवारी निघायचं.

आणि पायलट चक्क तयार झाला. नुसता तयार नाही, त्याच्या अंगात संचारलं. आता खरी गरज आहे म्हणून मागच्या दोन बाजूंना लावायच्या पेट्या, त्यांचा सांगाडा, वर एक मोठी डिकी आणि लांबच्या पल्ल्याची खास सीट, सगळं एका दमात मागवलं गेलं. तिला बरं वाटलं, हेही सांगायला हवं. इतके दिवस आपण उगाच नवऱ्याला नावं ठेवली, असंसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं. तिने दुकानातून एक जुनं जाड जॅकेट आणून स्वतःच्या अंगाला बेतलं, कोपरांना आतून कापसाची पट्टी शिवली. आरशासमोर उभी राहून हेल्मेटसुद्धा घालून पाहिलं.

शुक्रवारचा अख्खा दिवस पायलट मेकॅनिककडे पडून होता. शनिवारी सकाळी निरोप द्यायला मंडळ हजर. ती जॅकेट घालून, हातात हेल्मेट आणि खांद्याला पिशवी घेऊन खाली आली, तेव्हा सगळे गाडीभोवती उभे राहून मान डोलावत होते. गाडी भारी दिसत होती. ती एका बाजूने गाडीला वळसा घालून आली, मग दुसऱ्या बाजूने.

नवी सीट पायलटच्या मापाने बेतलेली होती. ऐसपैस, आणि त्याच्या पाठीला टेकू. टेकूच्या मागे लोखंडी पट्टी, पट्टीवर डिकी. खाली, जिथे मागच्या माणसाने पाय ठेवायचे, तिथे पेट्यांचा सांगाडा आवळलेला होता.

"मी कुठे बसू?" तिने विचारलं.

पायलटने सीटकडे पाहिलं, पेट्यांकडे पाहिलं. मंडळातल्या एकाने घसा साफ केला. इतकी डोकी, इतकी चर्चा, आणि एकाच्याही लक्षात आलं नव्हतं की या गाडीवर दुसरं माणूस बसणार आहे.

"अगं, मागचे फूटरेस्ट सांगाड्याच्या आड येत होते, म्हणून काढले," तो म्हणाला. "त्याला वेगळं ब्रॅकेट मिळतं. मागवतो ना."

मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. या माणसाने घाट, वळणं, खड्डे, वारा, पंक्चर, सगळ्याचा विचार केला होता. फक्त जिच्यासाठी निघायचं तीच त्याच्या हिशेबात नव्हती, आणि हे कळल्यावरही त्याला काळजी कशाची, तर ब्रॅकेटची. मग त्याने उदारपणे तोडगा काढला, की तू बसने पुढे हो, मी तुझं सामान गाडीवर आणतो. तिने पेटी उघडली. आत हवेचा पंप, पान्यांचा संच, जादा केबली आणि एक घडीची खुर्ची होती. खुर्चीसुद्धा एकच. पिशवीला जागा नव्हती.

तिने पेटीचं झाकण लावलं. "तुमच्या मापाची झालीय," ती म्हणाली आणि फाटकाबाहेर पडली. हेल्मेट ठेवायला परत वर जायची तिला इच्छा नव्हती, म्हणून ते तसंच हातात राहिलं.

बस घाटातून जात नसे, डोंगराला मोठा वळसा घालून जायची. ती पोचली तेव्हा उन्हं उतरली होती. मावशी फाटकात उभी होती, घाटाच्या रस्त्याकडे तोंड करून. भाची मागच्या बाजूने आली.

"गाडी मागून येतेय का गं?"

"नाही," ती म्हणाली.

घरात चालायला वाट नव्हती. खोकी, गाठोडी, उलटी ठेवलेली टेबलं. पण ओसरीचा एक कोपरा झाडूनपुसून मोकळा केलेला होता. तिथलं सामान मावशीने एकटीने ओढून भिंतीला रचलं होतं, आणि फरशीवर गोणपाट अंथरलं होतं. असल्या गाड्या लांबीला किती असतात ते तिने शेजारच्या माणसाला विचारून घेतलं होतं आणि आपल्या काठीने जागा मापली होती. रात्री दव पडतं, जावयाची गाडी भिजायला नको.

भाचीला राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. आपण या माणसासाठी इतके दिवस टेप धरून उभ्या होतो, याची लाज. त्या मोकळ्या जागेत, गोणपाटाच्या मधोमध तिने हेल्मेट ठेवलं आणि मावशीशेजारी पायरीवर बसली.  मावशीने तिच्या कोपराची पट्टी चाचपून पाहिली आणि शिवण छान आलीय म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. पायलट खुशीत होता. ब्रॅकेट सापडलं होतं, अगदी याच गाडीचं. पण दोन रंगांत येतं, काळ्या आणि चंदेरी. सांगाडा काळा आहे, तर चंदेरी उठून दिसेल का, की दोन्ही एकसारखं बरं? तू पोचलीस का, हे विचारायचं त्याच्याकडून राहून गेलं.

"कुठलंही घ्या," ती म्हणाली. "मी बसणार नाहीये."

तिने फोन बंद करून पिशवीत टाकला.

"कोण होतं?" मावशीने विचारलं.

"पार्टवाला," ती म्हणाली.